काळे तीळ लावलेला भात

वर्तकनगर, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शुभदा,

पहिलंच सांगते, लाल पेन बाजूला ठेव. भूगोलाच्या बाईने मराठीच्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे आ बैल मुझे मार. पण करू काय? फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. शाळेत असताना वहीतून चिठ्ठ्या पाठवायचो त्या तरी तू वाचून उत्तर द्यायचीस, म्हणून म्हटलं पत्रच टाकते.

बुधवारी काय झालं ते मला कळलंच नाही गं.

तुझा सुधाकर गेल्यानंतर तू पहिल्यांदा मार्विनच्या मिसो कॉर्नरला आलीस. मला किती बरं वाटलं ते सांगू शकत नाही. चार वर्षं आपण दोघी महिन्यातून एकदा तिथे जेवतोय, आणि गेले तीन महिने मी त्या खिडकीजवळच्या टेबलावर एकटी बसून समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवतेय. मार्विनला मी आधीच सांगून ठेवलेलं, "शुभदा टीचर येतायत, त्यांच्यासाठी काहीतरी खास कर." तो बिचारा आपला जुना विद्यार्थी, कळव्याच्या शाळेतला, निबंधात नेहमी नापास. पण हातात चव आहे. जहाजावर काय, ओसाकाला काय, इतकी वर्षं त्या जपानी लोकांच्या हाताखाली राबलाय. तुझं सूप तो नेहमी मासे न घालता वेगळं करतो, एवढं तो दुसऱ्या कोणासाठी करत नाही. लोक अजूनही बोर्डावरचं 'मिसो' वाचून मिसळ मागायला आत येतात, त्यांना मात्र खवचट उत्तरं देतो.

त्याने खास म्हणून ओनिगिरी केली. तिकडे आया मुलांना डब्यात देतात म्हणे, हाताने वळलेला भात. तुझ्यासाठी म्हणून त्याने केळीच्या पानाच्या तुकड्यावर मांडली, वरून काळे तीळ. तू एकदा पाहिलंस, "मला बरं वाटत नाहीये" म्हणालीस आणि उठलीस. मी मागे आले तर तू रिक्षात बसलेली.

मी काही बोलले का? मी तुला "आता जरा माणसात ये" म्हणाले, ते लागलं का? माझी जीभ ही अशी आहे, तुला तीस वर्षं माहीत आहे. रागावली असशील तर सरळ शिव्या दे, पण गप्प बसू नकोस. मार्विन रोज विचारतो, "टीचर चिडल्या का?" त्याचं तोंड बघवत नाही.

तुझी,
बर्नाडेट


डोंबिवली पूर्व
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय बर्नाडेट,

तुझं पत्र मिळालं. तू काहीही बोलली नाहीस. मनाला लावून घेऊ नकोस आणि मार्विनलाही तसं सांग. त्या दिवशी सकाळपासून पित्त वाढलं होतं, इतकंच.

खरं म्हणजे मी यायलाच नको होतं. सुधाकरला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. आमच्याकडे वर्षभर सणवार नसतात, आणि मी हॉटेलात जाऊन जेवते हे मेघनाताईंनाही रुचलेलं नाही. त्या तोंडाने काही बोलत नाहीत, पण भाऊ त्यांचा होता. एका घरात राहायचं म्हणजे एवढं सांभाळावं लागतं.

तेव्हा यापुढे माझी वाट पाहू नकोस. तू जात राहा. तुझ्या तब्येतीची काळजी घे, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
शुभदा


वर्तकनगर, ठाणे
२ डिसेंबर २०२४

प्रिय शुभदा,

गुडघ्याला तेल! तीस वर्षांची मैत्री तू पित्तावर आणि तेलावर संपवतेस?

मला वाटलंच होतं, यामागे तुझ्या नणंदबाई असणार. मेघनाताईंना माझा नमस्कार सांग आणि विचार की वहिनीने किती दिवस पोटाला चिमटा काढून बसायचं असतं? तुझा चेहरा पाहिलास का आरशात? ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. त्या बाईला दिसत नाही का? सणवार करू नको म्हटलं तर ते कळतं. पण आपण तिथे काय करतो गं? सूप पितो, काकडीचे रोल खातो, जुन्या हेडबाईंची नक्कल करतो आणि घरी येतो. हा काय सण आहे?

तुला जमत नसेल तर मी येते डोंबिवलीला. मेघनाताईंच्या समोर बसते आणि सरळ बोलते. मी कॅथलिक बाई, मला तुमचे नियम माहीत नाहीत असं म्हणून सगळं बोलून घेईन. नंतर माफी मागेन.

एक ओळ तरी लिही.

बर्नाडेट


वर्तकनगर, ठाणे
११ डिसेंबर २०२४

शुभदा,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितेय. मागच्या पत्रात मेघनाताईंना जे बोलले ते सगळं मागे घेते.

काल मी मार्विनला त्या दिवसासारखीच ओनिगिरी करायला लावली आणि घरी आणली. म्हटलं, बघू तरी, खराब काय होतं त्यात. खाऊन पाहिली, छान होती. म्हणून उरलेली शेजारच्या गोदाताईंना द्यायला गेले. त्यांना तू ओळखतेस, पाटलांच्या घरच्या, ज्यांची इथे पूर्वी भातशेती होती. मी डबा उघडला तशा त्या दारातून एकदम मागे सरल्या. म्हणाल्या, "अगो बाय, ह्ये काय आनलंस? ह्ये तं पिंड! दहाव्याला कावल्याला घालतान. जित्या मानसाच्या फुडं कोन ठेवतं ह्ये?"

मी तिथेच उभी. डबा हातात.

भाताचे गोळे. काळे तीळ. पान. तीन मांडलेले! आणि ते मी कोणापुढे ठेवायला लावले, तर नवरा जाऊन तीन महिने झालेल्या बाईपुढे. आमच्यात हे नसतं गं. आम्ही कबरीवर फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. मला कसं कळणार होतं? आणि मार्विनलाही कसं कळणार? त्याच्याही घरी तेच. दोन कॅथलिक डोकी एकत्र आली आणि एवढं मोठं माती खाणं झालं. तिथे एक जरी हिंदू माणूस स्वयंपाकघरात असता तर वेळेवर ओरडला असता.

मार्विनला सांगितलं. तो खाली बसला. "टीचरना मी तोंड कसं दाखवू?" म्हणाला.

शुभदा, आम्ही दोघं तुझी माफी मागतो. तू तिथे येऊ नकोस. त्या टेबलापाशी बसायला मी तुला पुन्हा कधीही सांगणार नाही. पण माझ्यावर राग धरू नकोस. हे मी मुद्दाम केलं नाही, तुझ्यावर माया आहे म्हणून केलं.

बर्नाडेट


डोंबिवली पूर्व
७ जानेवारी २०२५

प्रिय बर्नाडेट,

उत्तराला इतका उशीर झाला याचं कारण असं की या वेळी खरं लिहायचं ठरवलं होतं, आणि ते लिहायला हात वळत नव्हता. फोनवर तर मला रडूच येईल.

मेघनाताई कारण नाहीत. ते मी खोटं लिहिलं. उलट त्या रोज माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढतात आणि मी ती निमूटपणे संपवते. पित्तही झालं नव्हतं. गोदाताई म्हणाल्या ते बरोबर आहे, ते पिंडासारखंच दिसत होतं. पण मी त्याला भिऊन उठले नाही. तू आणि मार्विन उगाच स्वतःला दोष देत बसला आहात.

दहाव्याला मी कल्याणला खाडीवर गेले होते. बायका सहसा जात नाहीत, पण मी गेले. मुलाने पिंड मांडले आणि आम्ही मागे झालो. तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते. कावळा पिंडाला शिवला, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली नाही असं मानतात. तो शिवेना, तर घरचे हात जोडून एकेक वचन देतात. मुलांकडे पाहू, घर सांभाळू, बायकोला अंतर देणार नाही. मग कुठल्या तरी वचनाला कावळा खाली उतरतो. मी माझी वचनं मनात तयार करून गेले होते. काय काय बोलायचं, कुठल्या क्रमाने, सगळं. वर्गावर जाताना पाठाची तयारी करून जायचे तसं.

आम्ही नीट मागे सरलोही नव्हतो, तोच कावळे आले. बसले काय, खाल्लं काय, मिनिटभरात पान रिकामं. सगळ्यांनी हुश्श केलं. गुरुजी म्हणाले, "पुण्यवान माणूस. सगळ्यातून मोकळा झाला." मेघनाताईंनी डोळे पुसत माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरी येताना प्रत्येकजण मला हेच सांगत होता, की बघ, किती लगेच शिवला.

बर्नाडेट, मला राग आला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अडतीस वर्षं संसार केला आणि मागे काहीच नाही? माझ्यासाठी अर्धा तास घुटमळावंसं वाटलं नाही? मी बोलायला म्हणून उभी होते, ते ऐकून तरी जायचं. तू म्हणशील, कावळ्यांना भूक लागली होती, त्यात सुधाकरचा काय दोष. ते मलाही कळतं. पण कळून काही होत नाही.

त्या दिवसापासून माझी भूक गेली. वेळेला जेवत होते, पण भूक म्हणून जी असते ती नव्हती. आणि खरं सांगू का? मला ते बरं वाटत होतं. वाटायचं, तो मोकळा झाला तर झाला, मी नाही झाले.

मग तू बोलावलंस. मार्विनने ते पान समोर ठेवलं. भात गरम होता, भाजलेल्या तिळाचा वास आला. आधी मला पिंडच दिसले. आणि लगेच, अगदी त्याच्या पाठोपाठ, मला भूक लागली. साधीसुधी नाही, तोंडाला पाणी सुटलं, पोटात खड्डा पडला. माझा हात पानाकडे गेलासुद्धा होता. तुला दिसलं नाही, तू मार्विनशी बोलत होतीस. मला वाटलं, झालं, मीही शिवले. तीन महिन्यांत माझंही सगळं आटोपलं. त्या कावळ्यांना मी नावं ठेवली आणि मी काय वेगळं करत होते? मला स्वतःची अशी लाज वाटली की तिथे बसवेना.

आता तर रोज भूक लागते. दुपारी बाराला पोटात कावळे ओरडतात असं मराठीत म्हणतात, ते मी मुलांना इतकी वर्षं हसत शिकवलं. आता तो वाक्प्रचार मनातसुद्धा उच्चारवत नाही.

हे कुणाला सांगणार? मेघनाताईंना सांगता येत नाही, मुलाला तर नाहीच. तुला सांगितलं. वेडी म्हण हवं तर.

तुझी,
शुभदा


वर्तकनगर, ठाणे
१६ जानेवारी २०२५

प्रिय शुभदा,

वेडी तर तू आहेसच. त्यासाठी पत्राची गरज नव्हती.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी रडले. मग तुझ्यावर चिडले, की इतके महिने हे एकटीने कशाला वागवलंस? मग पुन्हा रडले. आता जरा शांत झालेय म्हणून लिहायला बसले.

कावळ्यांचं मला काही कळत नाही. आमच्या फादरनाही कळणार नाही. माझ्या घरचं एक सांगते, ते तुझ्या काही कामाचं असेल तर बघ.

व्हॅलेरियनला मातीत ठेवून आलो त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. शेजारणींनी पेज आणि सुक्या बोंबलाची चटणी आणलेली. मी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते. कोणीतरी माझ्या हातात वाडगा दिला आणि मी खायला लागले. संपला, दुसरा मागितला. तोही संपला, मग तिसरा. माझी थोरली नणंद, व्हॅलेरियनची बहीण, समोर बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने चटणीची बशी माझ्याकडे सरकवली आणि स्वतःही खायला घेतलं. आम्ही दोघी जेवलो. मला लाज वाटली नाही गं, त्या वेळी मला कशाचंच काही वाटत नव्हतं. फक्त पेज गरम होती, एवढं आठवतं.

त्याचा अर्थ काय ते मला विचारू नकोस. अर्थ काढायचं काम तुझं, मी फक्त नकाशे भरणारी.

तू यावंस असं मी म्हणणार नाही, मागे तसा शब्द दिलाय. पण मला काय वाटतं ते तरी लिहू दे. मला तुझी फार आठवण येते. लेक जोविटा तिकडे न्यूझीलंडला, रविवारी फोनवर दहा मिनिटं दिसते, तेही नातवंडं मध्ये नाचत असतात. चर्चमध्ये सगळ्या मला आँटी म्हणतात. मला नुसतं बर्नाडेट म्हणणारं, माझ्या चुका काढणारं आणि माझ्या ताटातलं न विचारता उचलणारं माणूस आता तू एकटीच उरलीयेस. तू उपाशी राहिलीस तर मी जेवून काय करू?

बर्नाडेट


डोंबिवली पूर्व
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बर्नाडेट,

काल मी मिसो कॉर्नरला जाऊन आले. तुला न सांगता, कारण तू असतीस तर माझ्याकडे बघत बसली असतीस. मला कुणी बघायला नको होतं.

निघताना मेघनाताईंनी विचारलं, "कुठे निघालीस?" म्हटलं, "ठाण्याला. जेवायला." त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन आहे, छत्री घे." मी इतके दिवस त्यांच्या नावावर काय काय खपवलं, त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारची गर्दी ओसरली होती. मार्विनने मला पाहिलं आणि हातातलं फडकं तिथेच टाकून बाहेर आला. माफी मागायला लागणार असं दिसलं, म्हणून मी आधीच म्हटलं, "मार्विन, मला ते भाताचे गोळे हवेत. त्या दिवशीचे."

तो म्हणाला, "टीचर, ते मी आता करत नाही."

"का?"

"असंच. कोणी मागत नाही."

शाळेत असताना त्याला खोटं बोलता यायचं नाही, अजूनही येत नाही. त्याने ते कायमचं बंद केलं आहे, माझ्यासाठी, आणि तू मला त्यातलं काहीएक कळवलं नाहीस. तुझ्याकडे त्याबद्दल नंतर बघते.

मी म्हटलं, "मी मागते आहे ना?"

तो आत वळला, पुन्हा परत आला. म्हणाला, "तीळ नको लावू ना? की पांढरे लावू? पांढऱ्यानेही चांगली लागते." त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "काळेच लाव बाबा. आणि पानावरच वाढ."

त्याने वाढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेला. मी समोर बघत बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. भात निवायला लागला. मग मी एक उचलला आणि खाल्ला. रडत रडतच खाल्ला, पण सगळा खाल्ला. इतका चांगला लागला की पोटातली भूक त्याने आणखीच वाढली.

दुसरा उचलला आणि पहिल्याच घासाला मी आतल्या दिशेने ओरडले, "मार्विन, मीठ कमी पडलंय रे!"

आणि माझा हात तिथेच थांबला.

बर्नाडेट, मी जन्मात कुणाकडे जेवताना असं बोललेली नाही. आईने वळण लावलं होतं, पानात पडेल ते गुमान खायचं. हे बोलायचा सुधाकर. लग्नाच्या पंगतीत, व्याह्यांकडे, एकदा तर देवळातल्या प्रसादाला, "मीठ कमी पडलंय." मी लाजेने मान खाली घालायचे, टेबलाखालून त्याचा पाय दाबायचे. अगदी तेच शब्द, तोच चढा सूर, आणि तो माझ्याच तोंडातून निघाला. मला कळलंसुद्धा नाही कधी.

आणि गुरुजी म्हणतात, त्याने मागे काही ठेवलं नाही!

मला हसू फुटलं. एकटी बाई, समोर भाताचे गोळे, डोळ्यांत पाणी आणि हसते आहे. पलीकडच्या टेबलावरची मुलं चोरून बघत होती. मार्विन मीठ घेऊन धावत आला आणि घाबरून विचारायला लागला, "टीचर, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही रे, आमच्या ह्यांना मीठ हवं होतं." त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने माझ्या पानात मीठ वाढलं. मी तिसराही खाल्ला, त्याच्या पद्धतीने, वरून मीठ घेऊन.

पुढच्या बुधवारी आपलं टेबल राखून ठेवायला सांगितलं आहे. एकच्या आत पोहोच. हल्ली मला भूक लागली की थांबवत नाही.

तुझी,
शुभदा